राजधानी पाहताना : मुंबईच्या विभागांची ओळख

जिल्ह्याच्या ठिकाणाहून शासकीय कामासाठी मुंबईस येणाऱ्या माणसाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. पहाटे दादरला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, ओळखीच्या ठिकाणी किंवा आमदार निवासात आंघोळ उरकावी, मंत्रालयात कागदपत्रे दाखल करावीत, उरलेल्या वेळात गेटवे आणि चौपाटी पाहावी आणि रात्रीची गाडी पकडावी. वर्षानुवर्षे असे येणारे अनेक सरपंच, शिक्षक आणि अधिकारी आहेत. त्यांना विचारले तर मुंबई म्हणजे गर्दी, उंच इमारती आणि महागाई एवढेच ते सांगतात.

हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्या असलेले हे महानगर एकजिनसी नाही. कोट, गिरगाव, लालबाग, दादर, धारावी, वांद्रे, मुलुंड या प्रत्येक विभागाची घडण वेगळी, वस्ती वेगळी आणि जन्मकथाही वेगळी आहे. त्या त्या काळात समाजापुढे किंवा राज्यकर्त्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला, त्याला दिलेले उत्तर प्रत्येक विभागाच्या रस्त्यांवर आणि घरांवर उमटलेले आहे. तटबंदी, रोगराई, कामगारांचा निवारा, पाणी, सांडपाणी, भूसंपादन हे ते प्रश्न होत. यांपैकी बहुतेक प्रश्न आज महामार्गालगत वाढणाऱ्या गावांपुढे आणि नगरपंचायतींपुढेही उभे आहेत. म्हणूनच राज्याची राजधानी जरा डोळसपणे पाहणे हे स्थानिक कारभार पाहणाऱ्यांच्या दृष्टीने उपयुक्त शिक्षण ठरते.

सात बेटांची एक भूमी

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे. १५३४च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. १६६१ च्या विवाह-करारामुळे तो इंग्लंडच्या राजाला मिळाला आणि १६६८ मध्ये अवघ्या दहा पौंडांच्या वार्षिक खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. त्यांच्याही कितीतरी आधीपासून येथे कोळी, आगरी, भंडारी आदी समाज राहत होते. वरळी, माहीम, खारदांडा, वेसावे येथील कोळीवाडे त्याची साक्ष आजही देतात.

भरतीच्या वेळी बेटांमधील सखल भाग पाण्याखाली जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीजवळचे मोठे भगदाड बांध घालून बुजविण्यात आले आणि बेटे जोडण्याच्या कामाला वेग आला. १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीम-वांद्र्याचा रस्ता खाडीवरून बांधला गेला. माहीमच्या रस्त्यासाठी सरकार पैसे देईना, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले आणि लोकांकडून पथकर घेऊ नये अशी अट घातली. आजही या रस्त्याने रोज असंख्य वाहने जातात, मात्र ही हकिकत फारच थोड्यांना ठाऊक असते.

जुन्या मुंबईतील ठिकाणांची नावे वाचत गेले तरी हा भूगोल उलगडतो. पायधुनी म्हणजे खाडी ओलांडल्यावर पाय धुण्याची जागा. उमरखाडी हे नाव खाडीचे, डोंगरी हे टेकडीचे. फणसवाडी, केळेवाडी आणि आंबेवाडी या एकेकाळच्या बागायती. झवेरी बाजार, लोहार चाळ, भोईवाडा आणि कुंभारवाडा यांनी व्यवसायांच्या खुणा जपल्या आहेत. शाळेच्या सहलीबरोबर येणाऱ्या शिक्षकांना नुसत्या पाट्यांच्या आधारे विद्यार्थ्यांना इतिहासाचा एक चांगला पाठ देता येईल.

कोट आणि मैदाने

मंत्रालयाकडे जाणारा पाहुणा ज्या भागातून जातो त्याला आजही ‘फोर्ट’ किंवा ‘कोट’ म्हणतात, पण कोट मात्र कोठे दिसत नाही. इंग्रजांनी बांधलेली तटबंदी १८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडण्यात आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली होती. मोकळ्या झालेल्या जागेवर विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि इतर सार्वजनिक इमारती एका ओळीत उभ्या राहिल्या. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या दोन्ही वास्तू १८७८ साली पूर्ण झाल्या.

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान ही एवढी मोकळी जागा शहराच्या ऐन मध्यभागी कशी राहिली, असा प्रश्न नवख्या माणसास पडतो. तटावरील तोफांचा मारा अडू नये म्हणून कोटासमोरील विस्तीर्ण पट्ट्यात बांधकामाला मनाई होती. संरक्षणासाठी मोकळा ठेवलेला तो पट्टा पुढे लोकांचे क्रीडांगण आणि सभास्थान झाला. ओव्हलच्या मधोमध उभे राहिले की पूर्वेस एकोणिसाव्या शतकातील गॉथिक धाटणीच्या दगडी इमारती दिसतात आणि पश्चिमेस, समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर, १९३० च्या दशकातील आर्ट डेको शैलीची गोलसर सज्ज्यांची घरे दिसतात. या दोहोंच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्या यादीत २००४ सालीच दाखल झाले होते.

येथून जवळच हुतात्मा चौक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण देणाऱ्यांचे स्मारक तेथे उभे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि मुंबई त्याची राजधानी झाली, ती या बलिदानामुळे. मंत्रालयात जाण्यापूर्वी येथे क्षणभर थांबावे असे कोणालाही वाटेल.

वाड्या, चाळी आणि साथीचा धडा

कोटाच्या उत्तरेस महात्मा जोतिबा फुले मंडई ओलांडली की काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी हा दाट वस्तीचा भाग लागतो. त्याच्या पश्चिमेस गिरगाव. येथे घराला घर लागलेले, गल्ल्या अरुंद आणि दुकानावर घर, घरावर घर अशी रचना. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. चाळीच्या सामाईक सज्जामुळे शेजारधर्म, सण-उत्सव, वाचनालये आणि नाट्यमंडळे वाढीस लागली. मुंबईचे मराठी सार्वजनिक जीवन बऱ्याच अंशी या सज्जावर घडले.

या दाटीची दुसरी बाजू १८९६ साली जगापुढे आली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. धान्याची कोठारे, कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे यांमुळे साथ झपाट्याने पसरली. हजारो माणसे दगावली, लाखो लोक शहर सोडून गेले. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या प्रारंभी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. समुद्राची हवा वस्तीत खेळावी म्हणून त्याने दाट भागांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव येथे आखीव वसाहती वसविल्या. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंग्याचे पाच उद्यानांचे वर्तुळ पाहिले म्हणजे रस्त्याची रुंदी, घरांमधील अंतर, झाडे आणि मैदाने यांचा विचार आधी आणि बांधकाम नंतर झाले, हे सहज कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’ याच हिंदू कॉलनीत आहे. शिवाजी पार्क हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि पश्चिमेकडील चैत्यभूमीवर दर वर्षी ६ डिसेंबरला लाखोंचा समुदाय लोटतो.

मात्र या सुधारणेची किंमतही नोंदवली पाहिजे. रस्त्यांसाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, ते बहुतांशी गरीब होते. त्या सर्वांना नव्या वसाहतींत जागा मिळाली नाही. पुष्कळजण शेजारच्या गल्ल्यांत जाऊन आणखी दाटीने राहिले. सुधारणा करताना विस्थापितांची सोय आधी केली नाही तर एका जागेची अडचण दुसऱ्या जागी सरकते, हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीचा असला तरी जुना झालेला नाही.

गिरणगाव

भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत पसरलेला पट्टा म्हणजे गिरणगाव. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली गिरणी सुरू झाली. त्याआधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची आगगाडी धावू लागली होती. गिरण्यांना हात हवे होते. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या भागांतून आले.

महाराष्ट्रातील कितीतरी गावांचा मुंबईशी पहिला संबंध येथे जुळला. एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. गावकरी मंडळाच्या खोल्यांमध्ये एकाच गावचे कामगार वळकटी आणि ट्रंक ठेवून राहत. जेवण खानावळवालीकडे असे आणि पगार झाला की मनीऑर्डर गावाकडे जाई. गावातील शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, विहिरीचे बांधकाम यांना या खोल्यांतून वर्गणी जात असे. खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारी विकास विभागाने २०७ चाळी बांधल्या, त्या ‘बीडीडी चाळी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पुनर्विकासाचे काम अलीकडे हाती घेण्यात आले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्यांची धुरांडी पुन्हा पेटली नाहीत. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जमीन मालक, महापालिका आणि सार्वजनिक गृहनिर्माण यांच्यात वाटण्याची तरतूद होती. २००१ मधील बदलाने ही वाटणी प्रामुख्याने मूळच्या मोकळ्या जागेपुरती मर्यादित झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. आज लोअर परळला उतरणाऱ्यास काचेच्या उंच इमारती आणि त्यांच्या सावलीत टिकून असलेल्या चाळी एकाच नजरेत दिसतात. नियमातील चार शब्द बदलले की शेकडो एकरांचे भवितव्य कसे बदलते, हे समजून घेण्यासाठी याहून स्पष्ट ठिकाण सापडणार नाही.

याच परळमध्ये राज्यभरातील रुग्णांची आशास्थाने आहेत. केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येथील पदपथांवर दिवस काढताना दिसतात. गाडगे महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या धर्मशाळा त्यांना आधार देतात. गावातून कोणी उपचारासाठी निघाला, तर त्यास आधी नीट माहिती, कागदपत्रे आणि निवाऱ्याचा पत्ता देणे हे ग्रामपंचायतीस सहज करता येण्यासारखे काम आहे.

धारावी आणि मिठी

शीव आणि माहीम यांच्यामध्ये धारावी आहे. सुमारे दोन ते अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीविषयी बाहेरच्या माणसाच्या मनात केवळ झोपडपट्टीचे चित्र असते. प्रत्यक्षात येथे चामड्याच्या वस्तू, शिवणकाम, मातीची भांडी, खाद्यपदार्थ आणि टाकाऊ वस्तूंवर प्रक्रिया असे असंख्य छोटे उद्योग चालतात. कुंभारवाड्यातील सौराष्ट्राकडून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या चाकावर आहेत. २०२० च्या करोना साथीत घरोघरी तपासणी, संशयितांचे विलगीकरण आणि स्थानिक डॉक्टरांचे सहकार्य यांच्या बळावर येथील फैलाव रोखण्यात आला आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. १८९६ च्या मांडवीशी याची तुलना केली, तर लोकांना बरोबर घेऊन काम केल्याने काय साधते ते दिसते.

धारावीच्या कडेने मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते. तिच्या पलीकडे, एकेकाळच्या पाणथळ जमिनीवर, वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही झाला नाही. दक्षिणेकडील कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांतील हाहाकाराची कल्पना येईपर्यंत उशीर झाला होता. शेकडो माणसे दगावली. भराव, अतिक्रमणे आणि कचरा यांनी मिठीचे पात्र आवळले गेले होते, हे सर्वांना त्या दिवशी कळले. गावच्या ओढ्यात घर बांधण्यास ना-हरकत देणाऱ्या कोणाही कारभाऱ्याने या पुलावर उभे राहून एकदा खाली पाहावे.

उपनगरे, जंगल आणि पाणी

१९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दी वाढल्या आणि पश्चिमेस दहिसर, पूर्वेस मुलुंडपर्यंतची गावे बृहन्मुंबईत आली. त्यांची जुनी गावठाणे वांद्रे, अंधेरी, मालाड, कुर्ला येथे इमारतींच्या गराड्यात अजून ओळखू येतात. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्याचा वावर असलेले हे सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे जंगल महानगराला लागूनच आहे आणि त्यात आदिवासी पाडेही आहेत. येथील कान्हेरीच्या शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांना प्राचीन काळी खडकात कोरलेल्या पन्हळींतून आणि पोढींतून पावसाचे पाणी मिळत असे. डोंगरावर पडणारा थेंब तेथेच साठवायचा, हा त्या रचनेचा हेतू होता.

आधुनिक मुंबईला मात्र दूरवर हात पसरावा लागला. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये. पुढे वैतरणेवर मोडकसागर, मग अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे झाली. रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी शहरात येते. त्यातील फार मोठा वाटा शहापूर आणि परिसरातील डोंगरांतून येतो. त्याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या नळाखाली ओंजळ धरताना हे विसरता येणार नाही.

खाडीपलीकडचे शहर

मुंबईचा भार हलका व्हावा म्हणून खाडीच्या पूर्वेस नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६० च्या दशकात मांडली. त्यासाठी १९७० मध्ये सिडको महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी त्यात गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना पुढे आली. वाशी-बेलापूरचे रुंद रस्ते पाहताना त्यांखालची भातखाचरे आणि मिठागरे कोणाची होती हेही पाहुण्यास ठाऊक असावे. १२ जानेवारी २०२४ पासून शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला आहे.

पाहण्याची रीत

हे सर्व एका दिवसात पाहणे शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. मंत्रालयाच्या प्रत्येक खेपेस एक विभाग निवडावा. उपनगरी गाड्यांच्या पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन मार्गांचा नकाशा आधी समजून घ्यावा. सकाळी दक्षिणेकडे आणि सायंकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना असह्य गर्दी असते, म्हणून त्या वेळी उलट दिशेचा प्रवास ठेवावा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाल्याने विधान भवन, हुतात्मा चौक, गिरगाव, दादर आणि धारावी ही स्थानके एकाच मार्गावर आली आहेत. आरंभ भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापासून केल्यास शहराची घडण समजणे सोपे जाते. स्थानकावर उतरल्यावर मात्र पायी चालावे. चाळीत, कोळीवाड्यात किंवा पाड्यात जाताना लोकांच्या घरात आपण शिरत आहोत याचे भान ठेवावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत.

अशा पाच-सहा खेपांनंतर पाहुण्याच्या ध्यानात येते, की ही राजधानी चुका करीत आणि त्या निस्तरीत वाढली आहे. मैदान राखले ते टिकले, नदी आवळली ती उलटली, रोगराईने नियोजन शिकविले आणि विस्थापितांनी न्यायाचा आग्रह धरला. गावठाणाची हद्द वाढविताना, गायरानाचा ठराव करताना किंवा नळयोजनेचा आराखडा मांडताना ग्रामसभेपुढे हेच प्रश्न लहान प्रमाणात उभे राहतात. लहान प्रमाणात ते वेळीच सोडविता येतात, हा गावाचा मोठा लाभ आहे.